कुटुंबासह ग्रेनेडात राहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रेनेडा हा कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाजवळचा ३४४ चौरस किलोमीटरचा देश. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, भाषा इंग्रजी. भारतीय कुटुंबं इथे बहुतेक वेळा सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीतल्या नोकरीमुळे किंवा रुग्णालय, हॉटेल, लेखापरीक्षण अशा कामांसाठी येतात. खालची उत्तरं अशाच कुटुंबांसाठी आहेत. फिरायला येणाऱ्यांना यातलं निम्मंही लागणार नाही.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

तीन महिन्यांपर्यंतच्या भेटीसाठी लागत नाही. एवढं वाचून लोक निर्धास्त होतात आणि फसतात ते वाटेत. मुंबईहून थेट विमान नाही, म्हणून बहुधा अमेरिका, ब्रिटन किंवा कॅनडा यांपैकी एका देशातून जावं लागतं आणि व्हिसा तिथला लागतो.

मायामी किंवा न्यूयॉर्कमार्गे जायचं तर विमानतळाबाहेर पाऊल टाकणार नसलात तरी प्रत्येकाला अमेरिकी व्हिसा हवा, तान्ह्या बाळालासुद्धा. लंडनमार्गे जाताना एक बारीक खोच आहे. मुंबईचं विमान हीथ्रोला उतरतं, ब्रिटिश एअरवेजचं ग्रेनेडाचं विमान गॅटविकहून सुटतं. विमानतळ बदलायचा म्हणजे ब्रिटनमध्ये प्रवेश करणं आलं, त्यामुळे फक्त विमानतळाच्या आतून जाण्याचा ट्रान्झिट व्हिसा इथे चालत नाही. टोरांटोमार्गे जायचं तर कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला शुल्क नाही, पण अर्ज वेळेत करावा लागतो.

आमचा सल्ला: मुलाखतीची तारीख मिळत असेल तर सगळ्या कुटुंबाचा अमेरिकी भेट व्हिसा काढून ठेवा. पुढे वैद्यकीय कारणाने अचानक मायामीला जावं लागलं, तर तोच उपयोगी पडतो.

नोकरीचा परवाना कोण काढतं? जोडीदाराला काम करता येतं का?

परवान्याची प्रक्रिया नोकरी देणारी संस्था करते. अर्ज कामगार मंत्रालयाकडे जातो. परवाना मुदतीचा असतो आणि वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं. जोडीदाराला राहायला मिळतं, काम करायला नाही. त्यासाठी त्याच्या किंवा तिच्या नावे वेगळी नोकरी आणि वेगळा परवाना हवा. दोघांच्या पगाराचं गणित मांडून घरभाडं ठरवलं असेल, तर ते एका पगारावर पुन्हा मांडा.

कोणती कागदपत्रं, आणि कशी तयार करायची?

प्रत्येकाचा जन्मदाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, पदव्या, पोलिस क्लिअरन्स प्रमाणपत्र (पासपोर्ट सेवा केंद्रातून), मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि दोन वर्षांच्या गुणपत्रिका, लसीकरणाची नोंद. ग्रेनेडा आणि भारत दोघेही हेग करारात असल्याने अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावलेला सरकारी शिक्का) चालतं. क्रम असा: आधी राज्य पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. दोन्हींसाठी मिळून महिना-दीड महिना हाताशी ठेवा.

मराठी घरांची ठरलेली अडचण नावांची. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. कुठे पतीचं नाव मधलं म्हणून, कुठे पहिल्या नावाला चिकटवून. एका ठिकाणी ‘सुनीता’, दुसरीकडे ‘सुनिता’. आपल्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. परदेशातल्या कारकुनाला मात्र या दोन वेगळ्या बायका दिसतात. विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावं आहेत ना ते पाहा. नसतील तर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र करून त्याचंही अपोस्टिल घ्या. जन्मदाखला नुसता मराठीत असेल तर महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून इंग्रजी मजकूर असलेली नवी प्रत काढा. हे काम बेटावर पोचल्यावर जवळजवळ होतच नाही.

चलन कोणतं? पैसे कसे न्यायचे?

पूर्व कॅरिबियन डॉलर. आठ प्रदेशांत हेच चलन चालतं आणि १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० हा दर बांधलेला आहे. भारतात हे चलन मिळत नाही. अमेरिकी डॉलर न्या, आणि त्यात वीसच्या नोटा जास्त ठेवा.

‘डॉलर’ म्हटलं की कोणता, हे दर वेळी विचारायचं. घरभाडं आणि टॅक्सी बहुधा अमेरिकी डॉलरमध्ये सांगतात, किराणा आणि बस स्थानिकमध्ये. पावणेतीन पटीचा फरक आहे, आणि तोंडी ठरलेल्या भाड्यात हा घोळ होतो. करारावर चलनाचं नाव अक्षरी लिहून घ्या.

बँकेत खातं उघडायला पासपोर्ट, नोकरीचं पत्र, पत्त्याचा पुरावा आणि जुन्या बँकेचं संदर्भपत्र मागतात. हे पत्र भारतातून निघण्याआधी शाखेच्या शिक्क्यासह घ्या. खातं चालू व्हायला आठवडे जातात, तेव्हा पहिल्या दोन महिन्यांचा खर्च हाताशी हवा. भारतातलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या. पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, मुदतवाढ मात्र मिळत नाही.

घर कुठे पाहावं?

बाहेरून आलेली बहुतेक कुटुंबं नैर्ऋत्य कोपऱ्यात राहतात: ग्रँड आन्स, मॉर्न रूज, ट्रू ब्लू, लान्स ओ एपीन. विद्यापीठ, विमानतळ, मोठी दुकानं सगळं जवळ. भाडं बेटावरचं सर्वांत जास्त आणि पाऊस सर्वांत कमी. डोंगराकडे घर स्वस्त आणि थंड, पण भिंतींना बुरशी आणि रोजचा वळणांचा रस्ता. विकत घेण्याची घाई करू नका. परदेशी माणसाला जमीन घ्यायला परवाना लागतो आणि त्याचं शुल्क किमतीच्या १० टक्के आहे.

घर पाहायला गेलात की आधी टाकी पाहा, स्वयंपाकघर नंतर.

पाण्याचं एवढं काय?

जानेवारी ते मे कोरडा काळ. २०२४ च्या मे महिन्यात तर सरकारने जलसंकट जाहीर करून वापरावर निर्बंध घातले होते. ज्यांनी मराठवाड्यात किंवा पुण्याच्या उपनगरात दिवस काढलेत त्यांना टँकर आणि टाकीचं गणित नवं नाही. फक्त माप गॅलनमध्ये येतं.

एक अमेरिकी गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. ६०० गॅलनची काळी टाकी म्हणजे सुमारे २,२७० लिटर. चार माणसांचं कुटुंब दिवसाला ५०० ते ६०० लिटर वापरत असेल, तर नळ बंद झाल्यावर ही टाकी चार दिवस पुरते. १,००० गॅलनची असेल तर आठवडाभर निघतो.

घरमालकाला विचारायच्या गोष्टी:

- टाकी फक्त या घराची आहे की दोन भाडेकरूंत मिळून?
- पंप वीज गेल्यावर बंद पडतो. मग टाकीच्या बुडाशी बादली भरता येईल असा साधा नळ आहे का?
- नळाची लाइन आणि टाकी यांच्यामध्ये उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह आहे का?

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. हा व्हॉल्व्ह झिजला की रस्त्यावरच्या लाइनीतला दाब कमी होताच तुमच्या टाकीतलं पाणी उलट तिकडे वाहून जातं. संध्याकाळी भरलेली टाकी सकाळी रिकामी आणि गळती कुठेच दिसत नाही. असं झालं तर प्लंबरला थेट हा व्हॉल्व्ह दाखवा.

मिक्सर, कुकर, इस्त्री भारतातून न्यावी का?

न्या. ग्रेनेडात वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्यासारखीच. वेगळी असते ती पिन: तीन चौकोनी पायांची ब्रिटिश पद्धतीची. मिक्सरला अॅडॉप्टर लावण्यापेक्षा प्लगच बदलून घ्या. त्या प्लगमध्ये फ्यूज असतो. मिक्सर, इस्त्रीला १३ अँपिअरचा, दिव्याला ३ चा. शेजारच्या बेटांवर हे गणित चालेल असं समजू नका. त्रिनिदाद आणि बार्बाडोसला ११५ व्होल्ट आहे.

धोका जुन्या सामानात. परत जाणारे विद्यार्थी भाताचे कुकर, किटल्या, मिक्सर स्वस्तात विकतात आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू अमेरिकेहून आलेल्या असतात. बुडाची पट्टी उलटून वाचा. ११०–१२० व्होल्ट लिहिलं असेल आणि तुम्ही ती थेट भिंतीत लावलीत, तर काही सेकंदांत जळते. ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण १,५०० वॉटच्या किटलीला २,००० वॉटचा जड ठोकळा लागतो. किटलीच नवी घ्या.

प्रेशर कुकरच्या तीन रिंगा, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह, मिक्सरच्या भांड्याचे दोन कपलर हे सगळं सोबत घ्या. मूठभर सामान आहे, पण तिथे रिंग मिळाली नाही की कुकर निव्वळ पातेलं होतो. गॅसची शेगडी आणि रेग्युलेटर मात्र नेऊ नका. तिथल्या सिलिंडरला आपला रेग्युलेटर बसत नाही.

वीज बहुतांशी डिझेलवर तयार होते आणि बिलात इंधनाचा वेगळा आकार असतो, जो जागतिक भावाबरोबर वरखाली होतो. पहिल्या महिन्यात रात्रभर एसी चालवणाऱ्याला बिल पाहून घाम फुटतो. एका खोलीत एसी, बाकी घरात पंखे, असं धरून चाला.

आपला किराणा मिळतो का?

वाटतो त्यापेक्षा जास्त मिळतो, पण आपल्या नावाने मिळत नाही.

डॅशीनची पानं म्हणजे अळू. तिथे त्यांचं कॅलालू सूप करतात. आपलं फदफदं आणि अळूवड्या दोन्ही उत्तम होतात (खाजरेपणासाठी चिंच घालायला विसरू नका, चिंच तिथे मुबलक आहे). ब्रेडफ्रूट म्हणजे कोकणातला नीरफणस. काप करून तव्यावर भाजा. पिजन पीज म्हणजे तूर, हंगामात ओले दाणेही येतात. ऑक्रो म्हणजे भेंडी, बोडी म्हणजे चवळीच्या लांब शेंगा. आणि बाजारात ‘सॅफ्रन’ मागितलंत तर हातात हळद पडेल. ग्रेनेडात हळदीला तेच म्हणतात. जायफळ आणि जायपत्री तर देशाचं मुख्य पीक, झेंड्यावरही जायफळच आहे. ही दोन्ही सोबत नेणं म्हणजे कोकणात नारळ नेणं. भाजी शनिवारी सकाळी सेंट जॉर्जेस या राजधानीतल्या मार्केट स्क्वेअरमध्ये घ्या. सुपरमार्केटमधली बरीचशी जहाजाने आलेली आणि महाग असते.

पिवळे वाटाणे, चणे, अख्खा मसूर, तांदूळ नेहमी मिळतात. तूरडाळ, मूगडाळ, उडीदडाळ कधी असते, कधी दोन महिने नसते. पोहे, गोडा मसाला, आमसूल, भाजणी यांची आशा धरू नका. जे लागतं ते तीन महिन्यांचं घरात ठेवायचं आणि निम्मं संपलं की पुढची सोय करायची. एखादं जहाज चुकलं की सगळ्या बेटावरचं ते सामान एकदम संपतं, दुसऱ्या दुकानात जाऊन उपयोग नसतो. दमट हवेत पिठात आणि डाळींत पोरकिडे लवकर होतात, म्हणून साठा फ्रीझरमध्ये ठेवा.

अमेरिकेमार्गे जाताना बॅगा मायामीला बहुधा ताब्यात घेऊन कस्टम्समधून पुढे न्याव्या लागतात, नुसता ट्रान्झिट असला तरी. ताजा कढीपत्ता, फळं, बियाणं तिथेच जप्त होतं. खाण्याचं सगळं सामान जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्यावर दंड होतो.

दूध-दह्याचं काय?

ताजं दूध सहसा मिळत नाही. खोक्यातलं टिकाऊ दूध किंवा भुकटी. दही लागतं, थोडं सैल. एक लिटर खोक्यातल्या दुधात दोन मोठे चमचे भुकटी मिसळा, बोट सहज बुडवता येईल इतपत कोमट करा, दोन चमचे साधं योगर्ट घालून झाकून ठेवा. तिथल्या उकाड्यात पाच-सहा तासांत लागतं. योगर्टच्या डब्यावर जिवंत जिवाणू असल्याचं लिहिलेलं हवं; जिलेटिन किंवा स्टार्च घालून घट्ट केलेलं चालत नाही. दही लागलं नाही तर दोष बहुधा विरजणाचा असतो, दुधाचा नसतो.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. निभेल का?

घरी आरामात. बाहेर ‘मीट नको’ एवढं सांगितलं तर मासे येतात. कॅलालू, कडधान्य घातलेला भात, अगदी साध्या भाजीतही खारवलेला मासा (सॉल्टफिश) किंवा डुकराची शेपटी (पिगटेल) चवीपुरती टाकलेली असू शकते. ‘नो मीट, नो फिश, नो सॉल्टफिश, नो पिगटेल’ असं एकेक नाव घेऊन सांगा. रोटीच्या दुकानात बटाटा-चण्याची रोटी हमखास मिळते.

मुलांच्या शाळेचं कसं?

वर्ष सप्टेंबरला सुरू होतं, तीन सत्रं असतात. प्राथमिक सहावीपर्यंत, पुढे माध्यमिकचे पाच ‘फॉर्म’. पाचव्या फॉर्मला सीएसईसी, त्यानंतर दोन वर्षांनी केप. दोन्ही कॅरिबियन परीक्षा मंडळाच्या. सरकारी मदतीच्या शाळा बहुतेक चर्चच्या, गणवेशाबाबत कडक. खासगी शाळा मोजक्या, म्हणून जागेची चौकशी आदल्या जानेवारीतच करा.

भारतातली मार्च-एप्रिलची परीक्षा देऊन ऑगस्टमध्ये पोचणं सर्वांत सोयीचं. मूल आठवीच्या पुढे असेल आणि कॉलेज भारतात करायचं असेल, तर चौथ्या फॉर्मचे विषय निवडण्याआधी भारतीय विद्यापीठ संघटनेचे समकक्षतेचे नियम आणि हव्या त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाच्या अटी वाचा. विषय एकदा सुटले की परत घेता येत नाहीत.

लसीकरणात एक गोष्ट राहते. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस देतात, त्यात गालगुंडाची नसते. तिथे तिन्ही एकत्र असलेली एमएमआर लागते. बालरोगतज्ज्ञांकडून ती पूर्ण करून इंग्रजी नोंदीवर सही-शिक्का घ्या.

कोणी आजारी पडलं तर?

साधा ताप, हाडमोड, बाळंतपण बेटावर होतं. सेंट जॉर्जेसला सरकारी जनरल हॉस्पिटल आहे, खासगी दवाखानेही आहेत. गुंतागुंतीची हृदयशस्त्रक्रिया, मेंदूची शस्त्रक्रिया अशांसाठी त्रिनिदाद, बार्बाडोस किंवा मायामी गाठावं लागतं. म्हणून विमा निवडताना हवाई रुग्णवाहिकेचं कलम शब्दन् शब्द वाचा: ती कोण ठरवणार, कुठपर्यंत नेणार, सोबत एक नातेवाईक जाऊ शकतो का, आणि रक्कम आधी भरायची की विमा कंपनी थेट देणार. या विमानाचं बिल हजारो अमेरिकी डॉलरचं होतं.

रोजची औषधं तीन महिन्यांची न्या आणि चिठ्ठीवर रासायनिक नाव लिहून घ्या. आपली ब्रँडनावं तिथल्या औषधवाल्याला ठाऊक नसतात.

वादळं खरंच येतात का?

ग्रेनेडा वादळांच्या पट्ट्याच्या दक्षिण कडेला आहे, त्यामुळे ‘इथे येत नाहीत’ असं बरीच वर्षं म्हटलं जायचं. ७ सप्टेंबर २००४ ला ‘आयव्हन’ आलं, ३९ माणसं गेली आणि सुमारे ९० टक्के घरांचं नुकसान झालं. १ जुलै २०२४ ला ‘बेरिल’ने कॅरियाकू हे धाकटं बेट उद्ध्वस्त केलं. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर.

घर घेताना छताचे वासे भिंतीला धातूच्या पट्ट्यांनी बांधलेत का ते पाहा. वारा छत दाबत नाही, खालून उचलतो. नुसत्या खिळ्यांवरचं छत म्हणूनच जातं. खिडक्यांची झापं कुठे आहेत आणि ती कोण बसवणार, तसंच घर राहण्याजोगं उरलं नाही तर भाडं चालू राहणार का, हे करारात लिहा.

साठा: पिण्याचं पाणी माणशी रोज ४ लिटर, सात दिवसांसाठी; चौघांचं ११२ लिटर. एक भरलेला जास्तीचा सिलिंडर. रोख रक्कम, कारण वीज गेली की एटीएमही जातं. अपोस्टिल केलेले कागद झिपच्या पिशवीत, फ्रीजच्या वर किंवा उंच कपाटात. इशारे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था देते. तिला तिथे ‘नाडमा’ म्हणतात.

गाडी लागतेच का?

मुलं असतील तर लागते. छोट्या व्हॅनच्या बस दिवसा भरपूर; थांबा आला की आतून पत्र्यावर टकटक करायची. संध्याकाळनंतर त्या विरळ होतात, रविवारी जवळजवळ नसतात. वाहनं डाव्या बाजूनेच चालतात आणि बहुतेक गाड्या जपानहून आलेल्या जुन्या, उजव्या स्टिअरिंगच्या. भारतीय परवाना दाखवून, शुल्क भरून स्थानिक परवाना घ्यावा लागतो. रस्त्याला खेटून खोल उघडी गटारं असतात. समोरून बस आली म्हणून डावीकडे दबलात की चाक गटारात. थांबा, बसला जाऊ द्या.

साप, विंचू, समुद्र?

विषारी साप नाहीत. भीती मुंगसाची! ग्रेनेडातल्या मुंगसांत रेबीज आहे. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच रुग्णालयात.

किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, फळ लहान हिरव्या सफरचंदासारखं. फळ, पानं, चीक सगळं विषारी. पावसात त्याखाली उभं राहिलं तरी ओघळणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात. काही झाडांच्या बुंध्याला लाल पट्टा असतो, सगळ्यांना नसतो. पहिल्याच फेरीत मुलांना झाड दाखवून ठेवा.

वागण्या-बोलण्यात काय सांभाळावं?

दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात शिरताना आधी ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’. थेट कामाचं विचारलं तर उद्धट समजतात आणि काम रेंगाळतं. रात्री भेटल्यावर ‘गुड नाइट’ म्हणतात, तो निरोप नसून नमस्कार आहे.

लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे नागरिकांना बंद आहेत. लहान मुलांची चड्डी, टोपी, दप्तर यांनाही सूट नाही. सामान भरताना तपासा.

तिथे आपली माणसं आहेत का?

१ मे १८५७ ला ‘मेडस्टोन’ जहाजातून पहिले भारतीय मजूर ग्रेनेडात उतरले. महाराष्ट्र दिनाच्या तारखेशी हा निव्वळ योगायोग; ते बहुतेक उत्तर भारतातले होते. त्यांचे वंशज आज इंग्रजी बोलतात, बरेचसे ख्रिस्ती आहेत. डाळपुरी आणि करी तेवढी टिकली. मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुलांचं मराठी घरातच टिकवावं लागेल. वेळेतला फरक साडेनऊ तासांचा, म्हणून तिथल्या सकाळी सातला भारतात दुपारचे साडेचार. आजीशी बोलायची वेळ तीच.

पासपोर्ट संपत आला तर?

काम त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनच्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे जातं. मुलांचे पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचेच असतात, ते आधी तपासा. प्रत्यक्ष त्रिनिदादला जावं लागलं तर लक्षात ठेवा की ते पीतज्वराच्या यादीत आहे. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचं प्रमाणपत्र नसेल, तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस निघण्याआधी भारतातच सरकारमान्य केंद्रात घ्या. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं.

ग्रेनेडाचं नागरिकत्व घ्यावं का?

गुंतवणुकीतून मिळतं, पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ते घेतलं त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं, पासपोर्ट परत करावा लागतो. एजंट हे वाक्य बारीक अक्षरात छापतात.

आई-बाबांना बोलावता येईल का?

येईल, तीन महिन्यांपर्यंत. त्यांनाही वाटेतला व्हिसा लागतोच, आणि अमेरिकी मुलाखतीची रांग लांब असते, म्हणून तुमच्या अर्जाबरोबरच त्यांचाही करा. जानेवारी ते एप्रिल बोलवा. पाऊस आणि वादळं दोन्ही टळतात. विमा आधीचे आजार धरून घ्या, विमानतळावर व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवा आणि वाटेत एक रात्र मुक्काम ठेवा. गुडघे दुखत असतील तर घर टेकडीवर आहे की सपाटीला हे आत्ताच पाहा: ग्रेनेडातल्या बऱ्याच घरांना रस्त्यापासून वीस-तीस पायऱ्या असतात आणि कठडा असेलच असं नाही.